समरकंदचा निरख

गेल्या काही वर्षांत लातूर-नांदेडकडची माणसेही ताश्कंद, समरकंद, बुखारा अशी सहल करू लागली आहेत. दिल्लीहून ताश्कंदचे विमान तीन तासांत पोचते. आमच्या जळकोटहून मुंबई गाठायला याच्या तिप्पट-चौपट वेळ लागतो. परतलेल्या माणसाच्या पिशवीत काय असते हेही आता ठरून गेले आहे. निळ्या नक्षीची ताटली, कशिद्याची उशीची खोळ, चौकोनी टोपी, किलो-दोन किलो बेदाणा, बदाम, आक्रोड. शेजारीपाजारी वाटून झाले की ताटली टीव्हीशेजारी उभी राहते आणि विषय संपतो.

माझ्यासाठी तो तिथून सुरू झाला. ज्या बाजारांतून आपण आज ‘आठवण’ म्हणून वस्तू आणतो, त्यांचा आणि आपल्या मुलखाचा संबंध किती जुना? तिथून इकडे काय आले, इकडून तिकडे काय गेले? मी कुठल्या विद्यापीठात इतिहास शिकलेलो नाही. मोडी वाचायला हौसेने शिकलो, आणि फारसी शब्दांची ओळख झाली ती जुन्या कागदांच्या नादाने. त्यामुळे बाजारात माझे लक्ष आधी वस्तूंपेक्षा शब्दांकडे गेले.

ताश्कंदच्या मोठ्या बाजाराचे नाव चोर्सू. चार दिशांच्या वाटा जिथे मिळतात ती जागा, म्हणजे आपला चव्हाटा. प्रचंड निळ्या घुमटाखाली मसाले, दही, मांस आणि लोणची यांची गोलाकार मांडणी असते. तिथे उझबेक भाषेचे अक्षरही न येणाऱ्या मराठी माणसाला अर्धा व्यवहार कळतो. बाजार तिथे ‘बोझोर’ होतो, दुकान ‘दुकोन’, तराजू ‘तारोझी’, सौदा ‘सावदो’, हिशेब ‘हिसोब’, फायदा ‘फोयदा’. नमुना ‘नमुना’च राहतो. कारागिराला ‘उस्ता’ म्हणतात, आपला उस्ताद किंवा तालमीतला वस्ताद तोच. गंमत अर्थ सरकतो तिथे. ‘किम्मत’ या शब्दाचा तिथला अर्थ ‘महाग’. त्यामुळे दुकानदार ‘किम्मत एमास’ म्हणतो तेव्हा तो किंमत सांगत नसतो, ‘महाग नाही हो’ अशी गळ घालत असतो. ‘साब्झी’ म्हणजे भाजी नव्हे, गाजर. आणि भाव विचारायचा असेल तर म्हणायचे, ‘नार्खी कांचा?’ या ‘नार्ख’पाशी मी थबकलो. हा आपला निरख. पेशवेकालीन कागदांत धान्याचे, कापडाचे निरख भेटतात, मोल्सवर्थच्या शब्दकोशात तो शब्द आहे. आमच्याकडे तो आता बोलण्यातून जवळजवळ गेला. समरकंदची भाजीवाली बाई मात्र तो दिवसातून शंभरदा उच्चारते.

अशा वेळी आमच्यासारख्या हौशी संशोधकांचा पाय घसरतो. शब्द तिथेही आहे, इथेही आहे, म्हणून तो तिथून इथे आला, असे लिहून मोकळे व्हायचे. तसे नाही. यांतले बरेच शब्द मूळचे फारसी किंवा अरबी. बोझोर-दुकोन उझबेक भाषेतही बाहेरून आलेले आणि बाजार-दुकान मराठीतही. फारसी ही अनेक शतके अर्ध्या आशियाची दफ्तरी आणि व्यापारी भाषा होती, आणि तिचे पाणी दोन्ही शेतांत शिरले. एवढेच म्हणता येते की बुखाऱ्याचा आणि बीदरचा व्यापारी समोरासमोर आले असते, तर त्यांना दुभाष्याची गरज फारशी पडली नसती. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथ पंडितांनी ‘राज्यव्यवहारकोश’ रचला, त्यात फारसी-दख्खनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. त्याचा शेवटचा वर्ग ‘पण्यवर्ग’, म्हणजे बाजारहाटाचाच. राजसभेतली पदनामे बदलली. बाजाराने मात्र आपले शब्द सोडले नाहीत. दलाल दलालच राहिला, सराफ सराफच.

समरकंदला सियोब बाजार आहे. पर्यटक तिथली गोल, जाड, शिक्के मारलेली रोटी आणि सुका मेवा घेतात. बाजाराला लागूनच बीबी खानुमची अवाढव्य मशीद उभी आहे. रोटी खात खात लोक तिच्यासमोर फोटो काढतात. तैमूरने 1398 च्या डिसेंबरात दिल्ली लुटली. कत्तल झाली, पण दगडकाम करणारे कारागीर त्याने वेगळे काढून ठेवायला लावले, कारण राजधानीत मोठी मशीद बांधायची होती. 1399 मध्ये काम सुरू झाले. तैमूरच्या चरित्रकाराने तिथे राबलेल्या पाथरवटांत हिंदुस्थानचे लोक सांगितले आहेत आणि दगड ओढणारे हत्तीही. हत्ती अर्थातच लुटीतले. समरकंदहून हिंदुस्थानची पहिली ‘आठवण’ कोणी आणली हे माहीत नाही, पण हिंदुस्थानातून समरकंदला नेलेली सर्वांत मोठी वस्तू समोर उभी आहे. मार्गदर्शक मुलीने हे सांगितले नाही. मी विचारल्यावर ‘हो, हत्ती होते’ एवढे म्हणाली.

1404 मध्ये स्पेनच्या राजाचा वकील क्लाविहो तैमूरच्या दरबारी समरकंदला पोचला. तैमूरने शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दुतर्फा दुकानांचा, वर छत असलेला रस्ता काढायचे ठरवले. वाटेतली घरे पाडली, दिवसरात्र पाळ्या लावल्या आणि वीसेक दिवसांत रस्ता उभा केला, असे त्याने लिहून ठेवले आहे. घरे गेली त्यांची दाद कोणी घेतली नाही. (रस्तारुंदीकरण म्हटले की आपल्याकडे वर्षानुवर्षे दावे चालतात. ते बरेच म्हणायचे.) त्याच बाजारात क्लाविहोने हिंदुस्थानातून आलेली जायफळ, लवंग, जायपत्री, दालचिनी, सुंठ पाहिली, आणि अलेक्झांड्रियाच्या बाजारातही न मिळणारे मसाले इथे मिळतात असे तो म्हणतो.

आता दीडशे वर्षे पुढे येऊ. 1558 च्या डिसेंबरात अँथनी जेंकिन्सन हा इंग्रज व्यापारी मॉस्कोहून बुखाऱ्याला आला आणि हिवाळाभर राहिला. हिंदुस्थानी व्यापारी काय आणतात याची त्याने चौकशी केली. उत्तर मिळाले ते असे: तलम पांढरे कापड, जे इथले लोक डोक्याला गुंडाळतात. सोने, रत्ने, मसाले? काही नाही. तो व्यापार समुद्राने जातो आणि त्याच्या नाड्या पोर्तुगीजांच्या हातात आहेत. क्लाविहो आणि जेंकिन्सन यांची ही दोन टिपणे शेजारी ठेवली की मधल्या काळात काय घडले ते कळते. मधे 1498 मध्ये वास्को द गामा कालिकतला उतरला होता आणि 1510 मध्ये गोवा गेले होते. मांडवीच्या मुखाशी सत्ता बदलली तिचा पडसाद बुखाऱ्याच्या मसाल्याच्या दुकानात उमटला. रेशीममार्गाबद्दल आपल्याकडे गुळगुळीत कागदावर पुष्कळ छापले जाते, पण या एका नोंदीइतके ठसठशीत मला कुठे सापडले नाही.

जेंकिन्सनने हिंदुस्थानी व्यापारी परत जाताना काय नेत तेही सांगितले आहे. विणलेले रेशीम, तांबडे कातडे, घोडे, आणि गुलाम. बुखाऱ्याच्या बाजारात माणसेही विकली जात, आणि उत्तर हिंदुस्थानातून पकडून नेलेली माणसे तिथे विकायला उभी राहत. रशियाची पकड बसेपर्यंत, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत, गुलामांचा व्यापार तिथे चालू होता. आज जुन्या सराया नेटक्या केल्या आहेत, ओवऱ्यांत गालिचे टांगले आहेत, मधे चहा मिळतो. त्या चहाला मी नावे ठेवत नाही, मीही प्यालो. पण ‘हजार वर्षांचा रंगीबेरंगी बाजार’ असे वर्णन वाचले की ही चौथी वस्तू आठवावी.

बुखाऱ्यात चौरस्त्यांवर सोळाव्या शतकातले घुमटाकार बाजार आहेत, त्यांना ‘तोकी’ म्हणतात. तोकी-झारगारोन जवाहिऱ्यांचा, तोकी-तेलपाकफुरुशोन टोप्या विकणाऱ्यांचा आणि तोकी-सार्रोफोन सराफांचा. बाहेर चाळीस अंश ऊन असले तरी घुमटाखाली गारवा असतो, कारण भिंती जाड आणि वरचे झरोके लहान. सराफांच्या घुमटाखाली मुलतान-शिकारपूरकडच्या सावकारांचीही वर्दळ असे. हिंदू व्यापाऱ्यांची वेगळी सराई होती आणि ते व्याजबट्टा करत. यांत मराठी माणूस होता असा पुरावा माझ्या पाहण्यात नाही, त्यामुळे मी तो ओढूनताणून तिथे बसवत नाही. आपला संबंध निराळ्या वाटेने आला. तो आला घोड्यावरून.

दख्खनला चांगला घोडा पैदा होत नाही, ही इथल्या प्रत्येक सत्तेची दुखरी नस. अरबी, इराणी घोडे समुद्रमार्गे चौल, दाभोळ, गोव्याला उतरत. मध्य आशियाचे ‘तुर्की’ घोडे काबूलवरून उत्तरेत येत आणि तिथून मोगल फौजांबरोबर खाली. 1470 च्या आसपास रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी अफानासी निकितीन होर्मुझहून एक घोडा जहाजात घालून चौलला उतरला. जुन्नरला तिथल्या खानाने तो घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तर घोडाही देतो, वर मोहराही देतो अशी अट घातली. एका खुरासानी माणसाच्या रदबदलीने तो सुटला. घोडा घेऊन तो बीदरला आला, बहामनींच्या राजधानीत. जळकोटहून उदगीर आणि उदगीरहून बीदर, हा आमच्या रोजच्या येण्याजाण्यातला रस्ता. निकितीन लिहितो की बीदरपासून बारा कोसांवर आळंद येथे शेख अलाउद्दीनच्या नावाने वर्षातून एकदा दहा दिवस बाजार भरतो, सगळ्या मुलखातून लोक येतात आणि वीस हजारांपर्यंत घोडे विकायला असतात. आकडा ऐकीव असेल, फुगवलेलाही असेल. पण बाजार मोठा होता. निकितीनची तक्रार मजेदार आहे. इथे पुष्कळ माल मिळेल असे सांगून मला फसवले, आमच्या देशात नेण्याजोगे इथे काहीच नाही! मिरी आणि रंग स्वस्त, पण ते नेण्याचा खर्च आणि जकात परवडत नव्हती. घोडा विकून तो निघाला, तो घरी पोचलाच नाही, स्मोलेन्स्कजवळ वारला. बीदरची खरी ‘आठवण’ म्हणजे त्याची वही, ती मागे राहिली.

आळंदचा तो बाजार कसा असेल याची कल्पना करायला आम्हाला फार लांब जावे लागत नाही. लोहा तालुक्यातल्या माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवे, उंट, बैल, कुत्रीसुद्धा. तिथे सौदा तोंडाने होत नाही. दलाल उपरण्याखाली हात घेतो, बोटे दाबली जातात, शेजाऱ्याला आकडा कळत नाही. समरकंदच्या आसपास जनावरांचा बाजार भरतो, त्याला ‘मोल बोझोरी’ म्हणतात. ‘मोल’ म्हणजे आपला माल, तिथे तोच शब्द जनावरांनाही लागतो. मी सहलीच्या कार्यक्रमातून एक सकाळ काढून तिथे गेलो. विकणारा आणि घेणारा यांच्या मधे ‘दाल्लोल’ उभा. तो दोघांचे हात एकमेकांत देतो आणि वरखाली हलवत राहतो, आकडा ओरडतो, कोणी हात सोडवू लागला की पुन्हा पकडतो. आपल्याकडे हात झाकलेले, तिकडे उघडे, एवढाच फरक. माझ्याकडे विकत घ्यायला काही नव्हते, पण पूर्ण प्रवासात सर्वांत रमलो तो तिथे.

घोड्यांमागोमाग माणसे आली. मोगल सैन्यात मध्य आशियातून आलेल्यांना ‘तुराणी’ म्हणत. त्यांतला एक ख्वाजा आबिद, समरकंदच्या परिसरातला. तो औरंगजेबाच्या सेवेत चढत गेला आणि 1687 मध्ये गोवळकोंड्याच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून मेला. त्याचा मुलगा गाझीउद्दीन खान फिरोजजंग, आणि नातू मीर कमरुद्दीन, म्हणजे पहिला निजामुल्मुल्क आसफजाह. 1724 च्या साखरखेर्ड्याच्या लढाईनंतर दख्खन त्याच्या हाती आले आणि 1948 च्या सप्टेंबरापर्यंत आमचा मराठवाडा त्याच्या घराण्याखाली राहिला. 1760 च्या फेब्रुवारीत उदगीरला सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवले, ती लढाई आमच्या अंगणातली. समोरचे घराणे दोन-तीन पिढ्यांमागे समरकंदकडून आलेले होते, हे उदगीरचा किल्ला दाखवताना कोणी सांगत नाही.

हे लिहिताना एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मुक्तिसंग्राम घराघरात ऐकत आम्ही मोठे झालो. वडिलांची शाळा उर्दूतून झाली आणि रझाकारांच्या दिवसांत घर सोडून रानात काढलेल्या रात्री ते सांगत. त्या राजवटीचा जुलूम हा राजवटीचा हिशेब आहे आणि तो चुकता व्हायलाच हवा होता. पण ‘ते मुळात तिकडचे’ या एका वाक्यात तो हिशेब बसवला की इतिहास बिघडतो. त्याच वाटेने आलेली दुसरीही माणसे होती. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की सर्वांनी पाहिलेली असते. ज्या बाबा शाह मुसाफिरांच्या तकियात ती उभी राहिली, ते आणि त्यांचे गुरू बाबा पलंगपोश हे दोघेही नक्शबंदी फकीर, बुखाऱ्याजवळच्या गिझदुवान गावचे. पलंगपोश फिरोजजंगाच्या फौजेबरोबर दख्खनभर फिरले, मुसाफिर औरंगाबादेत स्थिरावले. त्यांच्या आठवणींचा फारसी ग्रंथ उपलब्ध आहे, आणि सायमन डिग्बी या अभ्यासकाने त्याचे इंग्रजी भाषांतर केले. त्यात लढाया कमी आणि भुकेलेले, आजारी, गावाकडे परत जायला निघालेले तुराणी शिपाई जास्त भेटतात. तकिया ही त्यांची धर्मशाळा होती.

आता प्रत्यक्ष खरेदीकडे येतो, कारण वाचकांपैकी पुष्कळजण पुढेमागे जातील. तिथले धारीदार, ढगाळ नक्षीचे रेशीम प्रसिद्ध आहे, अतलस आणि अद्रस. ‘अतलस’ आपल्या जुन्या कागदांत सापडतोच. विणण्याआधी ताण्याचे धागे जागोजाग बांधून रंगवतात, म्हणून नक्षीच्या कडा विरघळल्यासारख्या दिसतात. शेजारच्या तेलंगणात पोचमपल्लीचे विणकर हेच करतात. अद्रसमध्ये ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा असतो. आपल्याकडच्या मशरूचीही युक्ती रेशीम-सुताच्या मिश्रणाचीच, आणि औरंगाबादी हिमरूतही सूत-रेशीम एकत्र येते. निव्वळ रेशीम पुरुषांनी अंगाला लावू नये या धार्मिक समजुतीतून मशरू, म्हणजे ‘चालणारे’ कापड, निघाले. फरगाना खोऱ्यातल्या मार्गिलानला अतलस-अद्रस टिकवणाऱ्या केंद्राची 2017 मध्ये युनेस्कोने दखल घेतली. तिथे मुली मागावर बसलेल्या दिसतात. हिमरूचे हातमाग मात्र आता बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. मला हे बोचले.

कशिद्याला ‘सुझानी’ म्हणतात. ‘सुझान’ म्हणजे सुई. मुलीच्या लग्नात द्यायला घरातल्या बाया वर्षानुवर्षे भरत. कापडाच्या अरुंद पट्ट्या कच्च्या टाक्यांनी जोडायच्या, त्यावर नक्षी काढायची, पट्ट्या उसवून वेगवेगळ्या जणींनी भरायच्या आणि पुन्हा जोडायच्या. त्यामुळे जुन्या सुझानीत सांध्यावर फूल किंचित चुकलेले असते. हीच ओळख. फूल अगदी तंतोतंत जुळत असेल तर यंत्राचा संशय घ्यावा. कापड उलटे करून मागची बाजू पाहावी. आमच्या बायांनी गोधडीची परीक्षा केली असती तशीच. बुखाऱ्यात एका दुकानदाराने मला ‘खास बुखाऱ्याची’ म्हणून शाल दाखवली. मी कुठला ते कळल्यावर हसला आणि घडी घालून ठेवली, म्हणाला, ही तुमच्याच देशातून येते.

जुन्या वस्तूंचा मोह तिथे टाळावा. पन्नास वर्षांहून जुनी वस्तू सरकारी तज्ज्ञांच्या दाखल्याशिवाय बाहेर नेता येत नाही आणि विमानतळावर सामान तपासतात. आपल्याकडेही 1972 चा पुरावस्तू कायदा आहे, शंभर वर्षांवरच्या वस्तू परदेशी नेता येत नाहीत. पण आमच्याकडे त्या परदेशी जात नाहीतच, मोडीत जातात. जळकोटच्या आसपासच्या वाड्यांतून निघालेली तांब्याची घंगाळी, पितळी समया किलोच्या भावाने गेलेल्या मी पाहिल्या आहेत. एका घरी बिदरी हुक्क्याची बैठक होती. जस्ताच्या काळ्या धातूत चांदीची बारीक वेल. घरच्यांना ते शिसे वाटले. बीदरच्या किल्ल्यातली माती चोळून तो काळा रंग आणतात. 2006 पासून बिदरीला भौगोलिक मानांकन आहे, पण मानांकनाने घरातली वस्तू ओळखता येत नाही.

मी स्वतः काय आणले? एकच ताटली. पण निळी नव्हे. निळी रिश्तानची. गिझदुवानची मातीची भांडी पिवळी, तपकिरी, हिरवट असतात, शेतासारखी. बुखाऱ्याहून टॅक्सीने तासाभरात तिथे पोचता येते. गावात उलुगबेगने बांधलेला लहानसा मदरसा आहे आणि अब्दुलखालिक या बाराव्या शतकातल्या सूफींचे स्थान. मुसाफिर किंवा पलंगपोश ही नावे मी ज्यांना ज्यांना विचारली त्यांनी ऐकलेली नव्हती. कुंभाराने ताटलीचा निरख सांगितला, आम्ही रीतसर घासाघीस केली. पैसे मोजून झाल्यावर मी मोबाईलवर पाणचक्कीचा फोटो दाखवला आणि दुभाष्या मुलाकरवी सांगितले की ही तुमच्या गावच्या माणसांच्या तकियातली. त्याने फोटो मोठा करून पाहिला, हौदाकडे बोट केले, चाकाकडे केले. मग विचारले, अजून दळते का?

पाणी असते तेव्हा चाक फिरते, मी सांगितले. दळण कोणी आणत नाही. त्याने मान हलवली आणि ताटली वर्तमानपत्रात गुंडाळू लागला.